आधी तोंड, मग बंदूक

“आ कर! अजून मोठा! दाढ दिसू दे, दाढ!”

शुक्रवारची सकाळ, बुरैद्याबाहेरचा खजुराचा मळा, आणि मामू ओरडत होते. त्यांच्यापुढे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर जबडा फाकून उभे होते. पुण्याचे, दोन डिग्र्यांचे, मीटिंगमध्ये कुणाला वाक्य पुरं करू न देणारे. मामू टाचा उंचावून त्या जबड्यात जवळजवळ खांद्यापर्यंत शिरले, छाती भरून श्वास घेतला आणि बाहेर येऊन निकाल दिला, “कालचा हाय. पन हाय. बाजूला बस.” मॅनेजर मुकाट्याने बाजूला जाऊन बसले. त्यांना असं बसवणारा माणूस अख्ख्या सौदीत मी दुसरा पाहिला नाही.

मामू रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. आमच्या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे, इथे राहायचे परवाने, होते त्या मालकाकडे, ते बावीस वर्षं होते. कागदावर हुद्दा ड्रायव्हरचा, पण मळ्यावरच्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. कफीलला पाहुण्यांची भारी हौस. त्याच्या खजुराच्या कोल्ड स्टोरेजवर काम करणाऱ्या आम्हा इंजिनिअर मंडळींना तो हिवाळ्यात शुक्रवारी बोलवायचा. यंत्रातून मातीच्या थाळ्या हवेत उडायच्या आणि आम्ही त्या छऱ्याच्या बंदुकीने फोडायच्या. म्हणजे फोडायचा प्रयत्न करायचा. परवाने कफीलचे, हौस आमची, जबाबदारी मामूंची. आणि मामूंचा कायदा चारच शब्दांचा होता: “आधी तोंड, मग बंदूक.”

या देशात दारू मिळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या कॅम्पात एक आठवडा काढावा. कुकरच्या नळीतून थेंब थेंब उतरणाऱ्या त्या पाण्याला इकडे ‘सदीकी’ म्हणतात, म्हणजे ‘माझा मित्र’. हा मित्र पोटात असला की मामूंना मळ्याच्या फाटकावरच कळायचं. मी तर शपथेवर सांगेन, बहरीनच्या पुलापलीकडे कुणी बाटली उघडली तर बुरैद्यात मामूंना शिंक यायची. एकाने अख्खा कच्चा कांदा चावून पाहिला, दुसऱ्याने अकरा वेलदोडे. मामू म्हणाले, “कांदा हाय, वेलची हाय, आनि त्यांच्या मागं लपून तो पन हाय.” नाशकाच्या एका बिचाऱ्याला त्यांनी होमिओपॅथीच्या थेंबांपायी दोन शुक्रवार बाजूला बसवलं होतं. तो बिचारा म्हणजे मी.

बाजूला बसलेले मॅनेजर मग वाद घालायचे. “मामू, विलायतेत शिकारीला निघताना खिशात चांदीची बाटली असतेच. एक घोट घेतला की हात थरथरत नाही. ही परंपरा आहे.”

“खरं हाय सायेब,” मामू बंदुकीची नळी पुसत म्हणायचे. “प्यायलेल्याचा हात नाय थरथरत. समोरचा थरथरतो.”

“तुम्ही धर्माचं म्हणताय.”

“धर्माचं माजं मी नि अल्ला बघून घेऊ. मी नळीचं बोलतोय. नळीला परंपरा समजत नाय.”

हे सगळं ते हसत बोलायचे. फक्त एकदा, मळ्यातल्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच मासे साफ करत असताना, ते न हसता बोलले. तरुणपणी गावात डुकराच्या हाक्याला जायचे. हाकारे ओरडत रान उठवायचे आणि हे बंदूक घेऊन वाटेवर बसायचे. त्या दिवशी बसल्या जागी दोन ग्लास झाले होते. झुडूप हललं. मामूंनी बार काढला. झुडपात चुलतभाऊ होता. “जगला,” मामू म्हणाले. “पन पाय गेला. पोलीस आले, पाटील आला, सगळ्यांनी सगळं इचारलं. माजं तोंड कोनी हुंगलं नाय.” आणि सुरमईची तुकडी पाण्यात टाकून त्यांनी विषय धुऊन टाकला.

आता एका दुसऱ्या शुक्रवारचं सांगतो. कफीलचा एक ससाणा होता. त्याचा थाट काय वर्णावा! बैठकीत त्याला गादीचा पाट, विमानात स्वतःची सीट, आणि पासपोर्ट. आमचे पासपोर्ट कफीलच्या कपाटात, ससाण्याचा मात्र त्याच्या स्वतःच्या सामानात. कफील त्याला हातावर घेऊन फिरायचा आणि पोराशी बोलावं तसा त्याच्याशी बोलायचा. त्या दिवशी तो मळ्याच्या पलीकडच्या टोकाला ससाणा उडवणार होता. मामूंनी आम्हाला आदल्या दिवशीच फोनवर दोनदा बजावलं होतं, “उद्या ससाना वर हाय. फक्त थाळ्या मारा. आभाळात दुसरं काय दिसलं की बंदूक खाली.”

आणि त्याच दिवशी मामूंना पडसं झालं होतं. नाक असं चोंदलेलं की पेटलेली शेगडीसुद्धा कळली नसती. त्यांनी सरळ सांगितलं, “आज मला वास नाय. आज बंदूक नाय. चहा प्या नि जावा.”

मंडळी हिरमुसली. तासभर गाडी हाणून आलेली. मग आमच्यातला एकजण पुढे झाला. मामूंचा लाडका. त्याच्या बायकोने केलेल्या तिळाच्या वड्या ते मिटक्या मारत खायचे, त्याच्या मुलीला ते मळ्यातला पहिला खजूर पाठवायचे. तो म्हणाला, “मामू, सगळ्यांची तोंडं मी हुंगतो. माझ्या शब्दावर द्या.”

मामूंनी त्याच्याकडे पाहिलं. “तुज्या शब्दावर?”

“माझ्या शब्दावर.”

मामूंनी गळ्यातली किल्ली काढली. त्याचं स्वतःचं तोंड बघायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याच्या थर्मासात चहा नव्हता.

पुढचं इतकं झटकन घडलं, की मला तिखटमीठ लावायलाही जागा नाही. ससाणा एका पारव्यामागे झेपावत आमच्या बाजूला आला. त्या लाडक्याला आभाळात काहीतरी वेगाने येताना दिसलं. थाळ्या सगळ्या हुकल्या होत्या, मॅनेजर हसत होते. त्याने बार काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नेम लागला. पायातली घुंगरं वाजवत पक्षी वाळूत पडला. आता ‘तो, तो’ किती करू? बंदूक माझ्या हातात होती.

कफील धावत आला. त्याने ससाणा उचलून छातीशी धरला आणि हा एवढा सहा फुटी माणूस, शंभर माणसं ज्याच्या शब्दावर उठतात-बसतात, आमच्यादेखत रडला. मग माझ्याकडे न बघता त्याने मामूंना विचारलं, “ससाणा वर आहे, हे यांना सांगितलं होतंस?”

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर होतो. माझे डोळे, माझा घाम, वाऱ्यावर डुलणारा माझा पाय. त्याला नाक लागत नाही. त्यांनी ‘हा प्यायलाय’ असं म्हटलं असतं, तर त्या दुपारी मी पोलिसांच्या गाडीत असतो, मग तुरुंग, मग हद्दपारी. बायको आणि दहावीतली मुलगी बुरैद्यात एकट्या. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. एवढं लख्ख आभाळ दिसलं असतं तर बरं झालं असतं. मी बोललो नाही. मॅनेजर बोलले नाहीत. आठ सुशिक्षित तोंडं, सगळी बंद.

“नाय सांगितलं,” मामू अरबीत म्हणाले. “विसरलो.”

“खलास,” कफील म्हणाला.

बावीस वर्षांचा हा एवढाच निरोप समारंभ. कायमच्या एक्झिटचा शिक्का आठ दिवसांत पडला. आता कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे. हसतमुख माणूस आहे, कुणाला आ करायला लावत नाही. मॅनेजर त्याला फार सुसंस्कृत म्हणतात. मला अजून बोलावणं येतं. मी जातो, चहा पितो. वाटल्यास ठेवू नका विश्वास.

मामूंना विमानतळावर मीच सोडलं. मीच सोडणार म्हणून हट्ट धरला होता. दीड तास गाडीत मी बडबडत होतो: गावी पाऊस कसा असेल, आंबा यंदा कसा असेल, मी दर महिन्याला फोन करीन, सुट्टीत येईन, मुलीला घेऊन येईन. मामू खिडकीबाहेर बघत होते. दरवाजापुढे गाडी लावली. मागून हॉर्न वाजायला लागले. मग मला रडू आलं. मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून म्हणालो, “मामू, एकदा सांगा. माफ केलंत ना मला?”

“नाय,” मामू म्हणाले. “डिकी उघड.”