पापडांच्या दिवसांतले लाल टिपके

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नाशकातल्या एका इस्पितळात संशोधन साहाय्यक होते. नाव भारदस्त, काम साधं. विंचूरच्या पुढच्या एका गावात जायचं आणि बायकांना विचारायचं, अंगावरून किती जातं. जास्त रक्त जाणाऱ्या बायकांसाठी एका गोळीची चाचणी चालू होती. आमच्या विभागप्रमुख सरांना त्यावर निबंध लिहून तो परदेशातल्या परिषदेत वाचायचा होता. त्यासाठी त्यांनी नवा सूटही शिवायला टाकला होता. गोळीचा गुण यायच्या आधीच सुटाचं माप देऊन झालं होतं.

सर स्त्रीरोगतज्ज्ञ होते, पण बाईशी बोलणं त्यांना फारसं मानवत नसे. त्यांचा सगळा विश्वास कागदावर. संमतिपत्र चार पानी होतं आणि इतक्या शुद्ध मराठीत की मलाच ते दोनदा वाचावं लागलं. गावात मी ते मोठ्याने वाचायचे, नवरा ऐकायचा, सासू मान डोलवायची, आणि जिच्या शरीराबद्दल सगळं चाललंय ती आत चहा टाकत असायची. शेवटी तिला बाहेर बोलावून सही घ्यायची. अहवालात याला आम्ही स्वेच्छेने दिलेली संमती म्हणत असू.

प्रत्येक बाईला एक कार्ड मिळे. त्यावर दिवसाला एक चौकोन. कमी गेलं तर तिने एक लाल टिपका मारायचा, खूप गेलं तर तीन. तीन टिपके आठ दिवसांच्या पुढे टिकले की महिन्यातून एका बुधवारी येणारी इस्पितळाची जीप तिला घेऊन जाणार, सोनोग्राफी आणि उपचार फुकट. कार्ड हरवू नये म्हणून ते स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगावं, ही सूचना माझी. तिचा मला भारी अभिमान होता.

त्या गावात तेव्हा घरोघर चार दिवस पाळत. बाहेरची झालेली सून चुलीला शिवायची नाही, माठाला शिवायची नाही, बाजूला बसून राहायची. तोवर सुनेच्या शब्दावर सासू संशय घेऊ शकत होती. आता भिंतीवर इस्पितळाचा शिक्का असलेलं कार्ड आलं. सासवांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण लाल टिपका बरोबर कळत होता, आणि शिक्क्याशी वाद कोण घालणार?

मग उन्हाळा लागला आणि वाळवणं सुरू झाली. पापड, कुरडया, शेवया, सगळं वर्षभराचं एकदम. बाहेरच्या बाईची सावली जरी पडली तरी पापड लाल पडतात, ही तिथली पक्की समजूत. त्यामुळे पापड पांढरे राहिले आणि गावातली सगळी कार्डं लाल झाली.

ती पाहून सर हरखले. उन्हाच्या तडाख्याने रक्तस्राव वाढतो, असा शोध त्यांना लागला. तापमानाची एक रेघ, टिपक्यांची दुसरी, दोन्ही बरोबर वर चढणाऱ्या. त्याची रंगीत स्लाइडही झाली. गोळी बिचारी मागेच पडली.

मला मात्र शंका आली म्हणून मी गावात गेले. एका घरी दोघी जावा लिंबाच्या सावलीत बाजूला बसल्या होत्या, दोघींची कार्डं लालभडक. थोरली आरामात शेंगा फोडत होती. मी हळूच विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "ताई, चार पायली उडदाचे पापड लाटून बघा, तुमच्याबी अंगावरून जाईल."

मीही पोटभर हसले. धाकटी हसली नाही. तिने हात पुढे केला, नखं पार पांढरी पडली होती. "माझे टिपके खरे हायेत, ताई," ती म्हणाली. "बावीस दिस झाले. उभं राहिलं की अंधारी येते." इस्पितळाची जीप आली तर जा, नाहीतर कांदा निघाल्यावर बघू, असं नवऱ्याने सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, बुधवारी जीप येते, तुझं नाव मी स्वतः सरांना सांगते.

मंगळवारी विभागाची बैठक होती. मला गोष्ट रंगवून सांगायची जुनी खोड. थोरलीची नक्कल केली, शेंगा फोडणारे हात करून दाखवले, सासवांची मान डोलवली. सगळे डॉक्टर खदखदून हसले. सर आधी हसले, मग त्यांना स्लाइड आठवली. शेवटी त्यांनी फर्मावलं, या गावाची माहिती भरवशाची नाही, गाव चाचणीतून काढून टाका, जीपही रद्द. शिवाय जाता जाता मला म्हणाले की तुमचं निरीक्षण उत्तम आहे. मी दिवसभर तरंगत होते.

धाकटी आठवली नाही असं नाही. पण चिडलेल्या सरांपुढे पुन्हा तोच विषय कोण काढणार? शनिवारी बघू म्हटलं. शनिवारी सर सुटाच्या फिटिंगला गेले होते. सोमवारी मला पेठच्या बाजूचं नवं गाव मिळालं.

पंधरवड्याने ती कांद्याच्या टेम्पोत आडवी होऊन आली. डोकं सासूच्या मांडीवर होतं, आणि पापडांवरून रोज बोलणारी ती सासू रस्ताभर रडत आली होती. रक्ताच्या बाटल्या चढल्या, गर्भाची पिशवी काढावी लागली. तिशीसुद्धा झाली नव्हती तिची. मूल व्हायचं राहिलं होतं, ते आता कायमचं राहिलं. सरांच्या निबंधात ती नाही, कारण ते गावच निबंधात नाही.

चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले. लाज वाटत होती. ती उशीला टेकून बसली होती. जीप का आली नाही, ते तिला कुणीतरी सांगितलं होतं. आवाज न चढवता तिने विचारलं, "आमी खोटे टिपके मारतो, हे तुमीच सांगितलं ना?"

मी हो म्हटलं.

"मग माझे खरे हायेत, हे का नाय सांगितलं?"

मी विसरले, असं मी तिला म्हणाले. ते खोटं होतं. बैठकीत बोलताना ती मला आठवली होती, नखांसकट. पण खोलीभर लोक हसत होते, आणि तिचं सांगितलं असतं तर ते हसायचे थांबले असते.