दुसऱ्या भागातलं वासरू

बोलायला सुरुवात करण्याआधी ते माइकवर नखानं टकटक करत, एकदा आभाळाकडे बघत आणि म्हणत, "फुकाट ऐका, इकत बघा!" मग रिक्षाच्या टपावरचा भोंगा खरखरे आणि त्या आठवड्याच्या पिक्चरची बातमी काष्टीच्या शनिवारच्या बाजारात पसरे.

तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या दशकात त्या बाजाराला आला असाल, तर तो आवाज तुम्ही ऐकलेला आहे. नाव ठाऊक नसेल. आम्हालाही ते वापरायची वेळ येत नसे. शेजारच्या गावातल्या टॉकीजचा पुकारा ते करत, म्हणून सगळे त्यांना पुकारेदादा म्हणत. तरुणपणी भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढच्या गाडीवर तेच बोलत. भोंगा हातात आला तो तिथं, आणि मग सुटलाच नाही.

मी तेव्हा बाजारातल्या वजनकाट्यावर होतो. काट्याच्या खोलीची सावली मोठी, म्हणून त्यांची रिक्षा तिथं थांबे. ते पाणी प्यायला आत येत आणि आमचं बोलणं होई.

त्यांचा एक नियम होता. स्वतः बघितल्याशिवाय पिक्चरचा पुकारा करायचा नाही. शुक्रवारी पिक्चर बदले, ते पहिला खेळ बघत आणि शनिवारी बाजारात चांगलं-वाईट दोन्ही सांगत. "हानामारी झकास हाय. गानी बरीच, त्यातली दोन ऐकन्यासारखी. हिरोची आई लई रडती, तवा बाहिर जाऊन चहा पिला तरी चालंल." टॉकीजचे शेठ डोक्याला हात लावत. पण लोक म्हणत, "दादा बरा म्हनतोय, म्हंजी बराच असंल," आणि तिकीट काढत. मी मापाचा माणूस, मला त्यांची ही रीत पटे.

पुढं गावोगाव केबल आली. टॉकीजमधली बाकडी रिकामी राहू लागली. अशात शेठनी हिंदीत केलेला एक इंग्रजी पिक्चर आणला, डायनासोरचा, भाग दुसरा. जगभर गाजलेला तो नव्हे, त्याच्या धर्तीवर दुसऱ्याच कुणी काढलेला. दादांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हा चालला नाही तर रिक्षा बंद. तोंडी पुकारा आता परवडत नाही." दादांची बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन कोपरगावला गेलेली. घरात बोलायला कुणी नव्हतं. बाजारात सगळे होते, पण ते भोंग्यामुळे.

त्या शनिवारी त्यांनी पुकारा केला, "राक्षसी जनावरांचा पिक्चर, भाग दुसरा!" आणि घोळ झाला. आमच्याकडं 'दुसरा भाग' म्हणजे इंटरव्हलनंतरचा. शेळ्या विकायला बसलेली एक म्हातारी उठून रिक्षाजवळ आली.

"दुसरा भाग म्हंजी अर्ध्यातनं पुढचाच ना? मंग आदीचा अर्धा कुनाला दावला?"

"मावशी, तो येगळा पिक्चर हुता. तीन-चार वर्सामागं येऊन गेला."

"हितं आल्ता?"

"न्हाई. पुन्या-नगरात."

"मंग शेरातल्यांनी आदीचं बघायचं आन् आमी उरल्यालं? न्हाई बाबा."

आजूबाजूचे हसले. "आदी पयला दावा, मंग दुसऱ्याचं बघू!" असा गलका झाला. दादा घाम पुसत माझ्याकडं आले. पहिला भाग त्यांनीही बघितला नव्हता. मी पुण्याला मेव्हण्याकडं गेलो असताना बघितला होता.

"भाऊसाहेब, पयल्यात काय हुतं?"

मी सांगितलं. "एक बेट आहे. तिथं शास्त्रज्ञांनी जुनी जनावरं पुन्हा तयार केली. कुंपणात वीज सोडली. वीज गेली. जनावरं सुटली. काही माणसं मेली, उरलेली परत आली."

ते माझ्याकडं बघत राहिले. "तुमी पिक्चर बघितला का पंचनामा केला?"

मग ते पुन्हा रिक्षात चढले. नखाची टकटक झाली. आणि त्यांनी माझ्या चार ओळींचा पहिला भाग सांगायला घेतला.

बेट त्यांनी भीमेच्या पात्राएवढं जवळ आणून ठेवलं. कुंपणाची वीज गेली, तेव्हा गर्दीतून एकजण ओरडला, "तिथंबी भारनियमन हाय का?" दादा म्हणाले, "हाय तर! आन् वायरमन जेवाया गेल्ता." बाजार खो खो हसला. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "जनावरात एक माय हुती. तिचं वासरू पिंजऱ्यात निराळं ठिवल्यालं."

हे माझ्या पंचनाम्यात नव्हतं. वासरू पिक्चरमध्येही नव्हतं. पण समोर जनावरांचा बाजार भरलेला होता. सकाळपासून कुणाची गाय एका टेम्पोत आणि वासरू दुसऱ्या टेम्पोत गेलेलं होतं. दादांनी तोंडाशी माइक धरून त्या मायची हाक काढली. लांब, मधेच तुटलेली. भोंग्यातून ती बाजारभर गेली आणि दावणीला बांधलेल्या गाईंनी माना वळवल्या. एक हंबरली. मग दुसरी. काट्यावर पोती टाकणारे हमाल हात थांबवून उभे राहिले.

"कुंपान तोडून ती माय वासराला हुडकाया निघाली," दादा म्हणाले. "तिथं पयला भाग संपतो."

"मंग भेट?" म्हातारीनं विचारलं.

त्यांनी भोंग्याकडं बोट दाखवलं. "फुकाट इतकंच."

त्या आठवड्यात टॉकीज भरली. बैलगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले. मीही घरच्यांना घेऊन तीनच्या खेळाला गेलो. पिक्चरबद्दल खरं तेच लिहितो. जनावरं पहिल्या भागापेक्षा जास्त होती आणि कातडीच्या सुरकुत्यांपर्यंत खरी वाटत होती. पळापळ अशी की आमची थोरली मुलगी माझा दंड सोडेना. पण पहिल्या भागात जनावर दिसायच्या आधी नुसती त्याची चाहूल होती, आणि भीती त्या वाट पाहण्यात होती. दुसऱ्यात सुरुवातीपासूनच आरडाओरडा. माणसं कशासाठी तिथं पुन्हा गेली, ते शेवटपर्यंत पटलं नाही. "जनावरं शहाणी आहेत, माणसंच वेड्यासारखी वागतात," असं माझी बायको म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "अहो, ते वासरू कधी येणार?"

वासरू मुळात नाही, हे तिथं बसलेल्यांपैकी फक्त मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी शेवटच्या पाटीपर्यंत त्याची वाट बघत बसलो होतो.

बाहेर आल्यावर लोकांनी शेठना घेरलं. "भेटीचं रीळ कुठंय?" लहान गावातल्या टॉकीजमध्ये लवकर खेळ उरकायला रिळं गाळतात, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळं हेही रीळ शेठनी कापलं, अशी लोकांची खात्रीच झाली. शेठ कळवळून सांगत होते, "अहो, डायनासोरला वासरू असतं का?" कुणीतरी म्हणालं, "दादा खोटं बोलत न्हाई. तुमीच कापलं."

गर्दी बघून शेठनी पिक्चर आणखी एक आठवडा ठेवायचं ठरवलं होतं, पण पुढच्या दिवसांत ती पातळ झाली. शेठनी दादांना बोलावून सांगितलं, "शनिवारी बाजारात जाहीर सांगायचं, वासरू मी मनानं रचलं. मग रिक्षा चालू ठेवतो."

शनिवारी दादा काट्यावर आले, पाणी प्याले. मी म्हणालो, "सांगून टाका, दादा. तुम्ही नेहमी खरं तेच सांगता."

"म्हनूनच अवघड झालंय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "खोटं सांगितलं आसं मला वाटंना."

रिक्षात चढून त्यांनी पिक्चरचं चांगलं-वाईट सांगितलं. जनावरं खरी, पळापळ झकास, गोष्ट बारीक, मानसं येडी. म्हातारी शेळ्या सोडून पुढं आली होती.

"ते समदं बघितलं. भेट हाय का न्हाई, ते सांग."

शेठ स्वतः मोटारसायकलवर येऊन कडेला उभे होते. दादांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा बाजाराकडं.

"ह्या पिक्चरमधी न्हाई, मावशी."

"मंग कशात?"

भोंगा नुसताच खरखरला. मग ते म्हणाले, "तिसऱ्यात."

म्हातारीनं मान डोलावली आणि ती शेळ्यांकडं परत गेली. "मंग थांबते," म्हणाली.

त्याच संध्याकाळी भोंगा रिक्षावरून उतरला.

मी पुष्कळदा त्यांना म्हटलं, तिसरा भाग निदान मला तरी सांगा. काट्याच्या खोलीत ते बसत, सुरुवातही करत. "ती माय नदीकाठानं चालली..." आणि थांबत. माइक धरायचा तो हात मांडीवर उघडा पडलेला असे. म्हणत, "एका मानसाला सांगाया गेलो की माझंच मला खोटं वाटतंय." मी आग्रह सोडला. आता वाटतं, सोडायला नको होता. नदीकाठापर्यंतचं मला ठाऊक आहे. त्याच्या पुढं ती माय कुठं वळली असेल, हे मला रचता येत नाही. मी तसा माणूस नाही.

काही महिन्यांनी मुलीनं त्यांना कोपरगावला न्यायचं ठरवलं. जाण्याआधीच्या शनिवारी ते पिशवी घेऊन भाजी घ्यायला आले होते. तेवढ्यात टॉकीजची रिक्षा बाजारात शिरली. आता तिच्यात कॅसेट वाजे. शहरातला कुणी गुळगुळीत आवाजाचा माणूस, आणि प्रत्येक पिक्चर 'भव्य आणि दिव्य'. कुणी वळून बघितलं नाही. दादा मात्र मेथीची जुडी हातात धरून पूर्ण ऐकत उभे राहिले.

"अजून बघितला नसंल त्यानं," ते मला म्हणाले.

रिक्षा पुढं गेली. ते दोन-चार पावलं तिच्या मागं चालले, भरभर, जणू ती त्यांना घ्यायची विसरली होती. मग उभे राहिले. भाजीवाली मागून ओरडली, "दादा, जुडी घ्यायची हाय का ठिवताय?" ते वळले, मेथी पिशवीत टाकली आणि गर्दीतून एस.टी.च्या थांब्याकडं निघाले. ओळखीची माणसं त्यांना वाट करून देत होती.