काचेवरचा तळहात

सौंदडच्या त्या मिस्त्रीला मी एकदाच भेटलो. माझ्या ऑफ-रोड मोटरसायकलचा हेडलाइट हँडल डावीकडे वळवले की विझत होता. पुढचा रस्ता जंगलातला, वळणांचा होता आणि सूर्य मावळत आला होता.

"बल्ब नवा बसवलाय," मी म्हणालो.

"कायले बसवला जी? बल्बाचा का दोष? वायर पाहा लागते."

त्याच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली होती. मला हँडल सावकाश फिरवायला सांगून तो टाकीखालची एकेक वायर चिमटीत दाबत गेला. एका वायरीवर बोटे थांबली. वरून ती अखंड दिसत होती.

"आत तार असली का वायर बोटाले ढकलते. हे ढकलून नाही राहिली."

त्याने तिथेच आवरण सोलले. आतली तांब्याची तार तुटलेली होती.

तार जोडून, टेप गुंडाळून त्याने मला दिवा लावून हँडल डावीकडे धरून ठेवायला लावले. स्वतः हेडलाइटच्या थंड काचेवर तळहात ठेवून उभा राहिला. मी सांगण्याआधीच म्हणाला, "तापून राहिली. निघा आता."

जंगलातल्या पहिल्या डाव्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला होता. दुसऱ्या वळणावर ठेवला नाही.