दादाच्या गाडीवर फुलं चिकटेनात

मागच्या शनिवारी सकाळी दादाची लाल गाडी माझ्या पोर्चमध्ये येऊन उभी राहिली आणि मी कपाळावर हात मारला. लाल कसली... पार गुलाबी झाली होती! बॉनेटवरून बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी हाताला लागली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नांदगावला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ही गाडी वर्षानुवर्षं दुकानासमोर उन्हात उभी. त्याच्या मुलीचं, आमच्या ऋतुजाचं लग्न सोमवारी इथे नाशिकला, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर होतं. त्यामुळे सगळं बिऱ्हाड माझ्याकडे मुक्कामाला.

ऋतुजाचा हट्ट एकच. लॉन्सवर जायचं ते पप्पांच्याच गाडीत, आणि चालवणार पप्पाच. क्लासला, परीक्षेला, होस्टेलला त्याने तिला याच गाडीने सोडलं... मग लग्नाला दुसऱ्या कुणाच्या गाडीत का बसू, म्हणे.

दादा ऐकेना. "नाय जमणार. व्याह्यांसमोर ही गाडी? लय वाईट दिसतं ते." भाड्याची मोठी पांढरी गाडी त्याने ठरवूनही टाकली होती. पोरगी बिचारी रडकुंडीला आली.

मला राहवेना. म्हटलं, दादा, गाडी उद्यापर्यंत माझ्या ताब्यात दे. नाही आवडली तर खुशाल ती पांढरी आण, मी चकार शब्द काढणार नाही! माझं हे वेड घरात सगळ्यांना माहीत आहे... लोक सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जातात, मी पॉलिशिंग मशीन काढते.

आधी शाम्पूने स्वच्छ धुतली. मग हातात प्लास्टिकची पिशवी घालून दारावरून फिरवली... नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. सगळीकडे खरखर! मग क्ले बार, म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखा एक चिकट गोळा असतो, तो साबणाच्या पाण्यावर हळूहळू फिरवत बसले. वर्षानुवर्षांची धूळ, डांबर, झाडाचा चीक... गोळा काळाकुट्ट!

आत बायका मेंदी काढून घेतायत आणि नवरीची आत्या बाहेर रबर-प्लास्टिकवर मास्किंग टेप लावतेय. "घरात लग्न आहे आणि हिचं काय चाललंय!" वहिनी येता-जाता ऐकवत होती. ऐकवू दे. गाडीचा पत्रा थंड हवा, सावली हवी आणि घाई नको, एवढं सांभाळलं की रंग ऐकतो.

मशीनला कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, लावून बॉनेटवर फिरवलं आणि पांढरं पॅड लालभडक झालं. दादा चहाचा कप घेऊन मागेच उभा होता... त्याचा चेहरा बघण्यासारखा! "अगं ए, रंगच काढती का काय!" म्हटलं, बाबा रे, मेलेला थर निघतोय. दिवाळीला उटणं लावल्यावर मळ निघतो ना, तसं. जिवंत रंग खाली आहे.

आणि होताच की! बारीक पॉलिशचा दुसरा हात झाला तसा तो मूळचा लाल वर आला. रविवारी सकाळी सगळं पुसून वरून सीलंट, म्हणजे रंग जपणारा गुळगुळीत थर, लावलं. पुढे आणखी काही वर्षं उन्हाने हात लावायचं नाव काढू नये, म्हणून चांगला जाड थर दिला. हळदीच्या गोंधळात गाडीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

दादा संध्याकाळी गाडीभोवती एक चक्कर मारून आला. बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघितला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बघू उद्या." बस्स! एवढंच! असा राग आला ना मला...

सोमवारी सकाळी फुलवाला आला. झेंडू, जरबेरा, शेवंतीचे मोठे हार, टेपचं बंडल. हार बॉनेटवर चिकटवला... सुर्रकन खाली. पुन्हा लावला, पुन्हा खाली! ज्या सीलंटवर पाण्याचा थेंब ठरत नाही, तिथे टेप काय ठरणार? नवरीच्या गाडीला फुलं लागतात, हे एवढ्या हुशार आत्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

झालं! वहिनीचा आवाज चढला. "बिनफुलांच्या गाडीतून पोरीला न्यायचं का?" तेवढ्यात भाड्याच्या गाडीवाल्याचा फोन... निघू का, विचारत होता. ऋतुजा शालू नेसून दारात उभी, डोळे भरलेले. माझा सगळा तोरा उतरला.

मी धावत स्पिरिट आणि कापड आणलं. जिथे टेप लागणार तिथलं सीलंट पुसून टाकायचं, की चिकटतील फुलं. स्वतःच्या हाताने केलेलं पुसायचं म्हणजे जिवावर आलं होतं, पण पोरीपेक्षा पॉलिश मोठं आहे का?

दादाने माझ्या हातातलं कापडच काढून घेतलं. "नको पुसू. दिसू दे की गाडी!" मग फोनवर त्या माणसाला म्हणाला, "भाऊ, तुम्ही येऊ नका. पोरीला मीच नेतोय." एक हार तेवढा पुढच्या जाळीला दोऱ्याने बांधायला लावला, वहिनीच्या समाधानासाठी. आणि ऋतुजा मागे बसलीच नाही, शालू आवरत सरळ त्याच्या शेजारी पुढे जाऊन बसली.

लॉन्सच्या दारात व्याही पुढे आले. गाडीकडे बघून म्हणाले, "अरे वा, नवीन घेतली वाटतं!" मी मागेच होते. वाटलं, दादा आता मान डोलावून मोकळा होईल, कोण कशाला विचारतंय.

"नाय हो, जुनीच आहे," दादा म्हणाला. चांगलं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या बहिणीने हाताने केलीय."

मला तिथेच रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आत्या पोरीसाठी रडतेय... वाटू दे. दादा फेसबुकवर नाही, म्हणून इथे बिनधास्त लिहिते: जन्मात पहिल्यांदा तू माझं कौतुक केलंस रे, तेही व्याह्यांसमोर. खांदे अजून ठणकतायत, पण मी जाम खूश आहे.