फुवांनी धरलेली जागा

एसटीत स्वतःसाठी जागा धरणारी माणसं पायलीला पन्नास. दुसऱ्यासाठी जीव टाकून जागा धरणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आमचे फुवा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शहाद्याहून नंदुरबारला जाणारी गाडी प्रकाशा गावाजवळच्या आमच्या फाट्यावर यायची ती आधीच तुडुंब भरून. थांबायच्या आत फुवा तिच्याबरोबर धावत आणि एका खिडकीतून टोपी, दुसरीतून उपरणं, तिसरीतून पिशवी आत टाकत. त्या काळी रुमाल पडला की जागा झाली, त्यावर अपील नसे. या जागांवर मग फाट्यावरच्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बसत. फुवा म्हणत, "पहिले बायासले बसू द्या. आपलं काय शे, दांडाले धरीसन उभा ऱ्हासू." एकदा गाडी सुटली आणि फुवा खालीच राहिले. टोपी, उपरणं, पिशवी नंदुरबार पाहून संध्याकाळी कंडक्टरबरोबर परत आली. आत्या म्हणाली, "मानूस घर नि टोपी नंदुरबारले." आम्ही पोट धरधरून हसलो.

पुढच्या वर्षी फुवांची थोरली बहीण नंदुरबारच्याही पुढे, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात होती. आईविना वाढलेल्या फुवांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं. एका सकाळी निरोप आला, भावाला लगेच पाठवा. मी त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. गाडी आली. टोपी आत गेली, उपरणं आत गेलं. फुवांनी एका पोटुशी बाईला वर चढवलं, मग तिच्या सासूला, मग त्यांचं गाठोडं. मी ओरडत होतो, "फुवा, तुम्ही चढा." तेवढ्यात कंडक्टरने दार लावलं. "जागा नही. मांगली गाडीले या."

मागची गाडी संध्याकाळची. ते चिंचपाड्याला पोचले दुसऱ्या दिवशी. बहीण पहाटेच गेली होती. शेवटपर्यंत ती एकच विचारत होती म्हणे, "भाऊ उना का?"

"मन्हा हातच ऐकत नही रे," तेराव्याला फुवा मला म्हणाले. "बाई दिखनी की आपसूक पुढे जास."

त्यानंतर फुवांनी खिडकीतून काही टाकलं नाही. गाडी आली की सगळ्यांच्या आधी चढत आणि मान खाली घालून बसत. एखादी म्हातारी शेजारी दांडा धरून उभी राहिली की ते अस्वस्थ होत, धोतराचा सोगा नीट करत, पण उठत नसत. मागच्या बाकावरून मी पाहत असे. मला वाटे, त्यांनी उठावं. आणि वाटे, उठू नये.