तीन बोटांवर तुटणारी लोकर

फ्रिस्कोहून सकाळी सातला निघालो तेव्हा माझ्या वहीत आठ गोष्टी लिहिलेल्या होत्या. टोपी, हातमोजे, पाणी, दशम्या वगैरे. गाडी चालवणारी माझी भाची मुग्धा हसली. "मावशी, व्हेकेशनवर आहेस की ऑडिटवर?"

तिच्या ऑफिसातल्या ओळखीने आम्ही रूथबाईंच्या फार्मवर मदतीला चाललो होतो. तिथे चौदा अल्पाका होते. उंटाच्या कुळातला हा लांब मानेचा, लोकरीचा प्राणी मी प्रथमच पाहत होते. आदल्या दिवशीच त्यांची कातरणी झाली होती. कुंपणापलीकडून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, बंद तोंडाने कुणी पुटपुटावं तसं.

रूथबाई सत्तरीच्या. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी आम्हाला जाळीच्या टेबलाशी उभं केलं. "ही लोकर सूतगिरणीने घेतली तरच कळप राहील. नाहीतर शनिवारी कळपाला गिऱ्हाईक येतंय."

प्रत्येक पिशवीवर जनावराचं नाव होतं. लोकर जाळीवर पसरून झटकायची, काड्या, काटे, लेंड्या वेचायच्या, ब्लँकेट (पाठीवरची सर्वांत मऊ लोकर) वेगळं काढायचं. मग परीक्षा. चिमूटभर बट दोन्ही टोकांना धरून कानाशी न्यायची आणि झटका द्यायचा. चांगली लोकर तारेसारखी वाजते. जनावराची उपासमार झाली किंवा त्याने धसका घेतला, तर त्या काळात वाढलेला तुकडा कमजोर राहतो आणि बट तिथेच चरचरून तुटते.

पहिली तुटली. दुसरीही, तिसरीही.

"आज काही खरं नाही यार," मुग्धा म्हणाली.

मी बोटं लावून पाहिली. प्रत्येक बट कापलेल्या टोकापासून तीन बोटांवर तुटत होती. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी चौदा वेळा तेच लिहिलं. मुग्धाची थट्टा एव्हाना थांबली होती.

"महिन्याला किती वाढते लोकर?" मी विचारलं.

"अर्ध्या इंचाहून जरा कमी."

मी चालू एप्रिलपासून मागे मोजत गेले. "नोव्हेंबरात चारा बदलला होतात का?"

रूथबाई खाली बसल्या. "चारा तोच होता. नोव्हेंबरात वॉल्ट गेला. माझा नवरा. मी बहिणीकडे गेले होते. सकाळी पडला असावा तो, त्या टाकीपाशी. मी आले संध्याकाळी. सगळे म्हणाले, बिचारा एकटाच होता."

आम्ही तिघींनी तिकडे पाहिलं. कातरलेले, उघड्या मानांचे चौदाही जण टाकीपाशी गोल करून उभे होते. मधली माणसाएवढी जागा रिकामी. गुणगुणणं केव्हा थांबलं, कळलंच नव्हतं.

रूथबाईंनी फोन लावला. "शनिवारी येऊ नका." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "दिवसभर त्याच्याजवळ हेच होते. यांना कसं विकू? लोकर उशांत भरीन."

परतताना दशम्या तशाच राहिल्या. गाडीत मुग्धाने गाणी लावली नाहीत.

पुण्यात येऊन महिना झाला. यादीतल्या आठही गोष्टींवर खुणा करून झाल्या आहेत. कंगव्यात आलेला लांब केस मी पूर्वी बोटाला गुंडाळून टाकून द्यायचे. आता आधी उजेडात धरून बघते, कुठे कमजोर झालाय का. कानाशी मात्र अजून नेलेला नाही.