साळवेबाईंचा ऐकण्याचा तास

“समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपलं उत्तर मनातसुद्धा जुळवू नका,” साळवेबाई तिसरीच्या मुलांना सांगायच्या.

पारनेरकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत त्या दर शनिवारी मुलांना जोडीने बसवत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. मुलं त्यात तरबेज झाली. एका शनिवारी ईश्वरी म्हणाली, “पप्पा मम्मीला पट्ट्यानं मारत्यात. मी कान दाबून झोपते.” जोडीदारणीने ते जसंच्या तसं सांगितलं; बाईंना, आणि मग घरी आपल्या आजीलाही. बघता बघता ते वस्तीभर झालं. ईश्वरी शाळेत यायची बंद झाली.

बाई तिच्या घरी गेल्या.

“या मॅडम,” बाप म्हणाला. “लई झ्याक शिकवलंत. आमचं घर समद्यांला पाठ झालं.”

“तिला शाळेत पाठवा. मी काही विचारणार नाही.”

“तिलाच इचारा की. ए, मी मारतो का गं मम्मीला?”

“न्हाई,” ईश्वरी म्हणाली. “मी खोटं बोलले.”

आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिचा ओठ सुजला होता. वाकून ती हळूच म्हणाली, “बाई, तुमी जितकं बसाल, तितकं आमाला मागून जड जाईल.”

साळवेबाईंनी तांब्या तसाच खाली ठेवला आणि त्या बाहेर पडल्या.